वर्षभर मी 'मेवशी' होते

परवा मोबाइल वाजला: खात्यातून 1,499 रुपये वजा. सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपचं वर्ष संपून दुसरं आपोआप सुरू झालं होतं. चार दिवस त्यांच्याशी भांडतेय. दर वेळी एकच उत्तर, 'आपली तक्रार नोंदवली आहे', आणि पुढे एक हसरा चेहरा! प्रकरण मिटलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

घेतलं भाच्यासाठी. तो कर्णबधिर आहे, नववीत. त्याची बोटं भराभर चालतात आणि माझी गाडी 'जेवलास का'च्या पुढे सरकत नव्हती. अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्यासमोर खूण करायची. बरोबर आली तर हिरवी टिक, चुकली तर लाल फुली. पोळ्या झाल्या की पिठाच्या डब्याला फोन टेकवून रोज पंधरा मिनिटं बसायचे. बांगड्या उतरवून, कारण त्या घातल्या की याला माझा हातच सापडत नसे. ट्यूबलाइट पाठीमागे आली तरी तेच.

तेही चालवून घेतलं असतं. पण A!

अमेरिकन सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं एका हाताने दाखवतात, आपल्याकडे बहुतेक दोन्ही हातांनी. पाच स्वर म्हणजे एका हाताची पाच बोटं. दुसऱ्या हाताचं बोट अंगठ्याच्या टोकाला लावलं की A, तर्जनीला E, असं करंगळीपर्यंत. म्हणजे सगळा खेळ कुठे टेकलं याचा, आणि नेमकं तेच कॅमेऱ्याला दिसत नाही. गुगलच्या मीडियापाइपसारख्या प्रणाली प्रत्येक हातावर 21 बिंदू धरून खूण ओळखतात. हाताआड हात गेला की झाकलेले बिंदू अंदाजाने मांडावे लागतात. माझं बोट कधीतरी तर्जनीकडे घसरलं, अ‍ॅपने तरीही A म्हणून हिरवी टिक दिली, आणि तीच सवय लागली.

दिवाळीत भाच्यासमोर ऐटीत लिहिलं: M-A-V-S-H-I. तो पोट धरून हसला. त्याने वाचलं होतं 'मेवशी'. तेव्हापासून बहीणही तेच म्हणते.

वर त्याने माझ्या कपाळावर बोट ठेवून भुवया हलवून दाखवल्या. प्रश्न विचारताना चेहराही बोलावा लागतो. माझा चेहरा वर्षभर पिठाच्या डब्याकडे बघून दगड झालेला. अ‍ॅपला हातांपलीकडे काही कळतच नाही.

एकच तारा द्यायचा म्हणून लिहायला बसले होते. पण खरं सांगते, आकडे आणि एका हाताच्या साध्या खुणा ते छान पकडतं. शिवाय पन्नाशीत चारचौघांत हात हलवायची लाज त्या डब्यासमोरच गेली. तीन तारे. सरावाला ठीक, बोलायला माणूसच हवा. आणि शब्दच हवे असतील तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश फुकट आहे, 2022पासून त्यांचं 'साइन लर्न' अ‍ॅपही. मला हे पैसे भरल्यावर कळलं!

आता भाच्याने मला नावाची खूण दिलीये: मनगटावरून बांगड्या सरकवल्यासारखी. स्पेलिंगची कटकट संपली. अ‍ॅपला करून दाखवली, तर म्हणतं 'घड्याळ'.

पैसे अजून आलेले नाहीत. तुम्ही घेतलंत तर पहिल्याच दिवशी यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा.