जुन्या ओबीएमची रबरं: कंपनीची की युरेथेनची?

एप्रिल उजाडला की दोघे-तिघे तरी विचारतात, "इंजिनाची रबरं गेली. कंपनीची टाकू की युरेथेनची करून घेऊ?" चारचाकीच्या गॅरेजात ज्याला फाउंडेशन म्हणतात तीच ही रबरं, आणि युरेथेन म्हणजे रबरासारखंच एक चिवट प्लास्टिक. आपल्या ओबीएमला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाला, ती स्टिअरिंग ब्रॅकेट (इंजिन होडीला धरून वळवणारा भाग) आणि लेग (खाली पाण्यात जाणारा, पंख्याचा भाग) यांच्या मध्ये बसतात, वर दोन आणि खाली दोन. दोन्ही प्रकार मी माझ्याच इंजिनावर वापरलेत, तेही एकाच हंगामात. त्यामुळे पुढचं सगळं मोजून-मापून सांगितलेलं नाही, हाताला जे लागलं त्यावरून आहे.

माझं इंजिन 2006 सालचं, 40 चं (म्हणजे 40 हॉर्सपॉवरचं) यामाहा एन्ड्युरो, हँडलवालं, दोन हात फिरून माझ्याकडे आलेलं. ऑक्टोबर ते मे मालवणजवळच्या देवबागला, नदी समुद्राला मिळते त्या संगमात पाहुणे फिरवायचे आणि अधूनमधून पहाटे जाळी. मेअखेर पर्यटनाच्या होड्या बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. मासेमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी. म्हणजे इंजिन उघडायला हीच सवड. फक्त नेमक्या त्याच वेळी किनाऱ्यावरचं प्रत्येक इंजिन उघडलेलं असतं आणि ओळखीचा मिस्त्री फोन उचलत नाही.

खर्चात पडण्याआधी दोष रबरांचाच आहे ना, एवढं बघून घ्या. होडी वाळूवर घ्या, लेग मोकळा लटकू दे, पंख्याच्या वर दोन्ही हातांनी धरा आणि आधी डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे हलवा. दुसऱ्या कुणीतरी ब्रॅकेटवर हात ठेवावा. ब्रॅकेट गप्प आणि लेग डुलतोय, तर रबरं गेली. ब्रॅकेटसुद्धा हलत असेल तर आतली बुश झिजली आहेत, मग रबरं बदलून काही साधणार नाही. थोडं हलणारच, त्यासाठीच तर रबर आहे. पण गिअर टाकताना ठक् वाजायला लागलं, रेस दिली की इंजिन एका अंगाला कलायला लागलं, की समजायचं.

खालची जोडी आधी जाते, निदान माझी तरी दोन्ही वेळा तीच गेली. पंखा होडीला ढकलतो तो सगळा जोर खालच्या रबरांवर पुढे दाबून येतो आणि वरची रबरं उलट मागे ओढली जातात. पहारीने दगड उचकटावा तसा हा प्रकार, त्यामुळे खालच्या जोडीवर पंख्याच्या जोरापेक्षाही जास्त भार पडतो. त्यात आमचा संगम. ओहोटीला वाळूचा दांडा कुठे सरकला हे रोज नव्याने कळतं, आणि ते पहिलं लेगला कळतं.

बाजारात तिसरा प्रकारही आहे, बिननावाच्या डबीत येणारा. दिसायला हुबेहूब. माझ्या चुलतभावाने घातला आणि दुसरा हंगाम सरायच्या आत रबर आतल्या धातूच्या नळीपासून सुटलं. त्याचं नशीब वाईट असेल, सगळाच माल तसा असतो असं मी म्हणणार नाही. पण जिथे वस्तूपेक्षा ती काढण्या-घालण्याची मेहनत मोठी, तिथे वस्तूत पैसे वाचवावेत असं मला वाटत नाही. तो प्रकार इथेच सोडतो.

युरेथेनकडे मी गेलो ते काही केवळ कंजूषपणाने नाही. तेव्हा कंपनीचा माल येईपर्यंत दिवाळीची गर्दी निघून गेली असती. लेथवाल्याकडे युरेथेनचा रॉड होता, 90 शोअरचा, म्हणजे मूळ रबरापेक्षा बराच कडक. जुन्या रबरातली नळी मोकळी केली, तिच्यावर नवा तुकडा बसवला आणि दोन दिवसांत चारही तयार. कंपनीच्या एका जोडीच्या पैशात चार झाले, वर लेथवाल्याच्या घरी बांगडे पोचवले.

आणि पहिल्या दिवशी मी खूश होतो, हे कबूल करायला हवं. लेग जराही डुलेना. गिअरचं ठक् गेलं. हँडल बोटभर वळवलं की होडी बोटभरच वळायची, जुन्या ढिल्या रबरांवर आधी इंजिन वळायचं आणि मग जरा विचार करून होडी. पूर्ण रेसवर तर रेघ मारल्यासारखी सरळ. शिवाय टू-स्ट्रोकला इकडेतिकडे ऑइल-पेट्रोलचे थेंब पडणारच आणि साधं रबर त्याने फुगतं. युरेथेनला त्याचं फारसं काही वाटत नाही. एक गोष्ट मात्र विचारून घ्या. युरेथेनमध्येही प्रकार आहेत. पॉलिएस्टर जातीचं गरम-दमट हवेत आणि पाण्यात हळूहळू चिकट होऊन भुगा होतं, पॉलिइथर जातीचं टिकतं. आपल्याला पाहिजे ते दुसरं. रॉड विकणाऱ्याला बहुधा दोन्ही नावं ठाऊक नसतात, त्याच्यासाठी रंग हीच जात.

आता ज्याच्यामुळे मी ती काढली ते.

हँडल जोडलेलं असतं ब्रॅकेटला, म्हणजे रबरांच्या अलीकडे, होडीच्या बाजूला. रबर मऊ असलं की इंजिनाची थरथर त्यातच जिरते. युरेथेन ती जशीच्या तशी तुमच्या तळहातात आणून देतं. रेसवर हे जाणवतही नाही, कारण दोन सिलिंडरचं इंजिन रेसवर गोड चालतं. ते थरथरतं स्लोवर. आणि आमचं अर्धं काम स्लोवर. पाहुण्यांना संगम दाखवायचा तो स्लोवर, बाहेर डॉल्फिन दिसले की त्यांच्या कडेकडेने जायचं ते स्लोवर, जाळी ओढताना होडी वाऱ्याला धरून ठेवायची तीही स्लोवर.

आठवडाभराने डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं झोपताना हात अंगाखाली आला असेल. मग लक्षात आलं की सुट्टीच्या दिवशी येत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन डाव्या हातात कप धरला तर तो बशीवर टिकटिकायचा. बायको म्हणाली डॉक्टरला दाखवा. मी हँडलवर सायकलची ट्यूब गुंडाळली. दोन दिवस बरं वाटलं, मग ट्यूबसकट थरथरायला लागलं. हातमोजे घातले, त्यात घाम आणि खारं पाणी, ते तिसऱ्या फेरीला काढून फेकले. उजव्या हाताने धरून बघितलं तर मान अवघडली.

आणि थरथर हातापाशी थांबत नाही. फायबरची होडी म्हणजे पखवाजच. पाण्याच्या बाटल्या फळीवरून आपोआप चालायला लागल्या, इंजिनाच्या टोपणाची कडी ढिली होऊन वाजायला लागली, पेट्रोलच्या पाइपची क्लिप दोनदा सैल सापडली. ती क्लिप मात्र गमतीची गोष्ट नाही. पाहुण्यांपैकी एकाने डॉल्फिनचं शूटिंग करून मला दाखवलं, त्यात समुद्रच थरथरत होता. आमचे काका नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बसायचे. त्यांनी एक दिवस मागे वळून विचारलं, "रे झिला, ह्या इंजिन हा काय पिठाची गिरण?"

नाताळची गर्दी ओसरल्यावर ऐन हंगामात चार दिवस होडी वर काढली आणि कंपनीची रबरं घातली.

त्यांचीही तक्रार नाही असं नाही. महाग आहेत, आणि दुकानदार ज्या सुरात "मागवावं लागेल" म्हणतो त्यावरूनच कळतं की उद्या येणार नाहीत. पार्ट नंबर इंजिनाच्या पाटीवरच्या पूर्ण मॉडेलवरून काढा. "40 चं आहे" एवढ्यावर मागवलंत तर दुसऱ्याच इंजिनाचं येण्याची शक्यता. शिवाय कंपनीचं म्हणून डोळे मिटून घेऊ नका. रबर डबीत पडूनसुद्धा म्हातारं होतं. दुकानातच डबी उघडा, कडेने वाकवून बघा, केसासारख्या भेगा दिसल्या किंवा नळीपाशी नख शिरलं तर परत करा. मला पहिली जोडी अशीच निघाली. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं, पण बदलून दिली.

बसवून पहिल्यांदा पाण्यात उतरवलं आणि रेस कमी केली तेव्हा काकांनी नाळेवरून विचारलं, "बंद पडला काय रे?" एवढंच पुरे होतं मला.

युरेथेनवर होतं तसं सुकाणू आता नाही. वळताना किंचित ढिलाई आहे, गिअर टाकताना बारीकसा धक्का आहे. चौथा हंगाम चालू आहे आणि खालची जोडी परत थोडी बसल्यासारखी वाटते. अजून दोन हंगाम काढेल बहुतेक. युरेथेन कदाचित दुप्पट टिकलं असतं. हे मी नाकारत नाही.

काहीजण खाली युरेथेन आणि वर कंपनीचं असा मधला मार्ग काढतात. तारकर्लीत एकाची होडी मी थोडा वेळ चालवून बघितली. सगळं युरेथेन असण्यापेक्षा नक्की सुसह्य. पण हाताला फरक कळत होता, आणि एकदा कळायला लागलं की कळतच राहतं. ज्याला रोज दोनच फेऱ्या मारायच्यात त्याला चालेल. दोन्ही बाजूंना वेगवेगळं मात्र कधी घालू नका. बदलायचं तर जोडीने, नाहीतर इंजिन कायम एका खांद्यावर उभं राहील.

काहीही निवडलंत तरी काम सारखंच आहे, आणि ते काम म्हणजे मुख्यतः बोल्ट. ॲल्युमिनियमच्या घरात स्टीलचा बोल्ट, वर बारा महिने खारं पाणी. मध्ये पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जणू ओतल्यासारखा घट्ट होतो. पान्याला पाइप लावून जोर केलात तर बोल्ट सुटत नाही, तुटतो, आणि मग तीस रुपयांच्या बोल्टसाठी ड्रिल, टॅप आणि अर्धा दिवस. मी आदल्या दोन-तीन दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारत राहतो. मग बोल्टला नाही, भोवतालच्या ॲल्युमिनियमला बेताची उष्णता देतो. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, पकड सुटते. अर्थात आधी पेट्रोलची टाकी आणि पाइप होडीतून लांब नेऊन ठेवायचे. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे. सुटायला लागला तरी एका दमात काढायचा नाही, थोडा सैल, थोडा परत घट्ट, असं करत बाहेर. एवढं करूनही माझा एक तुटलाच.

परत बसवताना भोक तारेच्या ब्रशने साफ करा आणि आट्यांना सागरी ग्रीस लावा. आळस केलात तर पुढच्या वेळी स्वतःलाच शिव्या घालाल. आणि एक बारीक वायर असते, लेगपासून ब्रॅकेटला गेलेली. रबरं वीज अडवतात, म्हणून ही वायर इंजिन आणि ब्रॅकेट जोडून ठेवते, म्हणजे लेगवरचा जस्ताचा तुकडा ब्रॅकेटलाही गंजापासून वाचवतो. ती लावायची विसरली तर इंजिन छान चालतं, म्हणून लक्षातच येत नाही. दोन पावसाळ्यांनी ब्रॅकेट खायला लागतं तेव्हा येतं.

ज्यांचं इंजिन चाकावर आहे, केबलने वळतं, आणि काम सगळं सरळ रेसवरचं, बंदरातून निघा आणि पोचा, त्यांना मी युरेथेन घालू नका असं सांगणार नाही. त्यांच्या हातात थरथर येतच नाही फारशी. तिथे टिकाऊपणा आणि किंमत दोन्ही युरेथेनच्याच बाजूने. क्लिपा आणि कड्या तेवढ्या महिन्याला बघत जा. हँडल धरून दिवसाला सहा-सात तास काढणाऱ्याने मात्र जरा थांबून विचार करावा, आणि कंपनीची रबरं मागवायचीच ठरलं तर मार्चमध्येच मागवावीत.

युरेथेनचा माझा जुना सेट पडवीत एका डब्यात होता, अजून नव्यासारखा. गेल्या मे महिन्यात गावातला एकजण तो न्यायला आला. म्हटलं, शेजाऱ्याच्या होडीवर हेच आहे, आधी जाऊन वीस मिनिटं स्लोवर हँडल धरून ये. तो गेला, आला, हात झटकत ओट्यावर बसला आणि कंपनीचा पार्ट नंबर लिहून घेतला. जाताना डबाही उचलला. म्हणाला, असू दे.