घरगुती सोलरच्या धंद्यासाठी झोहो सीआरएम: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाच-सात माणसांच्या सोलर फर्मला झोहो सीआरएम (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) चालेल का? चालेल, पण मिळतं तसंच्या तसं नाही. त्याची मूळ मांडणी एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला माल विकण्याची आहे. 'नीड्स अ‍ॅनालिसिस', 'व्हॅल्यू प्रपोझिशन' हे टप्पे छतावर पॅनेल बसवणाऱ्याच्या काही कामाचे नाहीत. ते आधी काढा आणि त्या जागी प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टी ठेवा: पाहणी झाली, कोटेशन दिलं, अ‍ॅडव्हान्स आला. 'ग्राहक उत्सुक' असला टप्पा नकोच. प्रत्येक विक्रेता त्याचा वेगळा अर्थ लावतो आणि महिनाअखेरच्या आकड्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

सगळ्यात जास्त डोकं लावायला हवं ते ग्राहकाच्या ओळखीवर. घरगुती सोलरमध्ये वीजबिल आजोबांच्या नावावर, चौकशी करणारा नातू, फोन सुनेचा आणि ईमेल कुणाचाच नाही, असं सर्रास असतं. त्यामुळे ईमेलवरून दुबार नोंदी पकडता येत नाहीत आणि मोबाइल नंबरवरूनही अर्ध्याच सापडतात. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक हीच खरी खूण. त्यासाठी वेगळा रकाना करून दुबार मूल्य चालणार नाही अशी अट घाला. रकान्याचा प्रकार मात्र मजकूर ठेवा, संख्या नको. संख्या ठेवली तर सुरुवातीचं शून्य गळतं. शेजारी 'बिलावरचं नाव' हाही रकाना हवा. पीएम सूर्यघरचा (घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची योजना) अर्ज जोडणी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने जातो. बिलावरचा माणूस हयात नसेल, तर आधी नाव बदलून घ्यावं लागतं. हे पाहणीच्या दिवशीच कळलं, तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

जुनी यादी एक्सेलमधून आणताना खरं नुकसान होतं. १२ अंकी क्रमांक एक्सेल 9.19E+11 अशा रूपात दाखवतं आणि सीएसव्ही (आयातीसाठीची साधी मजकूर-फाइल) करताना दिसतं तेच जतन करतं. शेवटचे अंक कायमचे गेले! म्हणून तो स्तंभ आधी 'टेक्स्ट' करा आणि मगच आकडे भरा. मराठी नावं असतील तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन करा, साध्या सीएसव्हीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. सगळी यादी ओतण्याआधी वीस ओळी आयात करून बघा.

दुसरा खड्डा लीड (नवी चौकशी) कन्व्हर्ट करताना, म्हणजे तिचं काँटॅक्ट (माणूस) आणि डील (सौदा) यांत रूपांतर करताना. लीडमध्ये तुम्ही स्वतः केलेले रकाने (ग्राहक क्रमांक, मंजूर भार, छताचा प्रकार) आपोआप पुढे जात नाहीत. सेटिंग्जमध्ये 'लीड कन्व्हर्जन मॅपिंग' आहे, तिथे प्रत्येक रकाना काँटॅक्ट किंवा डीलमधल्या रकान्याशी जोडावा लागतो. हे राहिलं की पाहणीत घेतलेली माहिती डीलमध्ये दिसत नाही आणि ऑफिसमधून ग्राहकाला तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. घरगुती ग्राहकासाठी 'कंपनी' रकान्याची सक्ती काढून तो रिकामा सोडा, म्हणजे कन्व्हर्ट करताना फुकटचं अकाउंट (कंपनीची नोंद) तयार होत नाही. हाउसिंग सोसायटीचं उलट आहे. तिथे सोसायटी हे अकाउंट. अध्यक्ष, सचिव, खजिनदार हे तिचे काँटॅक्ट. कमिटी बदलली तरी जुना सगळा पत्रव्यवहार सोसायटीच्या नावाखाली सापडतो.

डील 'जिंकली' कधी म्हणायची? अ‍ॅडव्हान्स आला त्या दिवशी. अर्ज, महावितरणची मंजुरी, उभारणी, नेट मीटर (येणारी-जाणारी वीज मोजणारा) आणि अनुदान (३ किलोवॅट व पुढे कमाल ७८,००० रुपये) हा लांबचा प्रवास विक्रीच्या टप्प्यांत कोंबू नका. तसं केलं तर विकलेली कामं महिनोन्महिने 'चालू विक्री' म्हणून दिसतात आणि पुढच्या महिन्याचा अंदाज फुगतो. त्याऐवजी प्रत्येक पायरीसाठी तारखेचा एक रकाना करा. 'उभारणीची तारीख आहे, मीटरची रिकामी' एवढ्या फिल्टरवर अडकलेल्या कामांची यादी समोर येते. रोज सकाळी ऑफिसने आधी हीच यादी उघडावी, इतकी ती कामाची आहे.

मोबाइल अ‍ॅप बरं आहे. पण फॉर्ममध्ये सात-आठपेक्षा जास्त सक्तीचे रकाने ठेवले की पाहणीला गेलेला मुलगा कशीतरी टिंबं टाकून पुढे जातो. छतावर उभं राहून, उन्हात, एका हाताने भरता येईल एवढंच मागा. बाकीचं वीजबिलाच्या फोटोवरून ऑफिसमध्ये भरता येतं. १५ दिवसांच्या चाचणीत फोन एअरप्लेन मोडवर टाकून एक पाहणी भरून बघा. गावाकडची कामं असतील तर ही परीक्षा टाळू नका.

व्हॉट्सअ‍ॅप जोडायचं असेल तर एक नियम आधीच माहीत हवा. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं, त्यानंतर आधी मंजूर झालेलं टेम्प्लेटच (ठरावीक मजकूर) जातं. 'पाहणीची वेळ', 'कोटेशनची आठवण', 'मीटर बसलं' ही तीन टेम्प्लेटं आधी मंजूर करून घ्या.

तीन युजरपर्यंत मोफत आवृत्ती मिळते. फक्त चौकशा आणि फॉलोअप एवढंच हवं असेल, तर झोहोचंच बिगिन हे छोटं सीआरएम जास्त सुटसुटीत पडतं. तीनपेक्षा जास्त युजर असतील तर सशुल्क आवृत्तीच घ्या, कारण तिथे परवानग्या नीट बांधता येतात. 'रोल'वरून कोण कुणाच्या नोंदी पाहणार हे ठरतं, 'प्रोफाइल'वरून काय करता येणार हे. विक्रेत्यांच्या प्रोफाइलमधली एक्स्पोर्टची परवानगी बंद ठेवा. कुणी नोकरी सोडत असेल तर आधी त्याच्या डील आणि बाकी राहिलेली टास्क दुसऱ्याच्या नावावर वळवा, मगच युजर बंद करा. नाहीतर त्याच्या नावावरचे फॉलोअप तसेच पडून राहतात आणि त्यांची आठवण कुणालाच जात नाही.