घरी जुळवायचा ख्रिसमस क्रॅकर संच: दिसतो छान, पण फुटतो का?

ब्रिटनमध्ये ख्रिसमसच्या जेवणाला प्रत्येकाच्या प्लेटशेजारी रंगीत कागदाची, दोन जागी गळा आवळलेली एक नळी ठेवलेली असते, तोच ख्रिसमस क्रॅकर. दोघांनी दोन टोकं धरून ओढायची. फट् आवाज होतो, नळी फाटते आणि मोठा तुकडा ज्याच्या हातात राहील त्याला आतला ऐवज मिळतो: टिश्यू कागदाचा मुकुट, एक फालतू विनोद आणि एखादी चिल्लर भेटवस्तू. मुकुट डोक्यावर चढवूनच जेवायचं, त्यातून आजी-आजोबांनाही सूट नाही. लंडनचा मिठाईवाला टॉम स्मिथ याने पॅरिसमधल्या पीळ देऊन गुंडाळलेल्या गोळ्या पाहून १८४७ च्या सुमारास ही टूम काढली, असं मानतात. आवाज त्यात नंतर, १८६० च्या आसपास आला आणि मुकुटाचं श्रेय त्याच्या मुलाला, वॉल्टरला देतात.

तयार क्रॅकरचे बॉक्स नाताळात सगळीकडे मिळतातच. इथे विचार केलाय तो सहा क्रॅकर घरी जुळवायच्या संचाचा. त्यात घड्या पाडलेली सहा कार्डं, सहा स्नॅप (आवाज करणाऱ्या पट्ट्या), सहा मुकुट, विनोदाच्या चिठ्ठ्या आणि रिबन एवढं असतं. भेटवस्तू बहुतेकदा आपली आपण घालायची. खोक्यावरचं सोनेरी हरीण पाहून संच निवडू नका. क्रॅकरचं काम दोनच गोष्टींवर चालतं, स्नॅप आणि गळा, आणि नेमक्या त्याच खोक्याबाहेरून दिसत नाहीत.

स्नॅप म्हणजे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या कार्डाच्या दोन अरुंद पट्ट्या. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे एकीवर सिल्व्हर फल्मिनेटचा अगदी सूक्ष्म थर असतो, दुसरीचा पृष्ठभाग खरखरीत असतो. ओढल्यावर पट्ट्या घासत सरकतात आणि त्या घर्षणाने आवाज होतो. म्हणजे पट्ट्यांना सरकायला वाव हवाच. घरी बनवलेले क्रॅकर मुके निघतात ते बहुतेक इथेच: स्नॅप हलू नये म्हणून लोक मधोमध चिकटपट्टी लावतात. मग पट्ट्या सरकत नाहीत, नुसत्या फाटतात. चिकटवायचंच तर फक्त दोन्ही टोकांचा शेवटचा एक सेंटिमीटर कार्डाच्या आतल्या बाजूला चिकटवा, मधल्या जोडाला हात लावू नका.

दुसरी भानगड लांबीची. कार्ड ३० सेंटिमीटर आणि स्नॅप २४ चा असेल, तर ओढणाऱ्यांच्या मुठीत नुसता कागद येतो, स्नॅप आतच लोंबत राहतो. असा संच घेतलाच असेल, तर कार्डाची दोन्ही टोकं कापून लांबी स्नॅपच्या बरोबरीला आणा. स्नॅप लांब असेल तर मात्र तो कापू नका, टोकं बाहेर डोकावू द्या. ओढतानाही नुसता बाहेरचा कागद चिमटीत धरून भागत नाही, कागदासकट स्नॅपचं टोक मुठीत दाबून धरायचं. स्नॅप दमट जागी ठेवले की कार्ड मऊ पडतं आणि घासण्याआधीच तुटतं. आणि आतली दारू पाहायला पट्ट्या सोलण्याचा उद्योग कुणीही करू नये, मोठ्यांनी तर नाहीच.

आता गळा. चांगल्या संचात कार्डावर गळ्याच्या जागी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या कापांची रांग असते. त्यामुळे कार्ड तिथे सहज आत दबतं आणि ओढल्यावर तिथेच फाटतं. हे काप फार थोडे असले की दोघं नुसती रस्सीखेच करत बसतात. फार जास्त असले की दोन्ही गळे एकदम तुटतात आणि मधला भाग थेट ग्रेव्हीत. विजेताच ठरत नाही! कापांमधला कागद साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद असेल तर क्रॅकर एकाच बाजूला फाटण्याची शक्यता चांगली. रिबनने गळा आवळू नका, ती घसरते. आधी जाड दोऱ्याने सरकगाठ मारून घट्ट ओढा, कार्ड नीट दबलं की दोरा पक्का बांधा आणि मग वरून शोभेला रिबन. ऐवज भरायचा तो एक गळा बांधून झाल्यावर. आधीच भरला तर मुकुट गळ्यात अडकतो.

संच पटला नाही तर नुसते स्नॅप वेगळे विकत मिळतात. बाकी सामान घरात असतं: टॉयलेट पेपरची आतली नळी मधल्या भागाला, तशाच आणखी एका नळीचे दोन अर्धे तुकडे टोकांना, आणि वर साधारण ३२ बाय १७ सेंटिमीटरचा कागद. नळ्यांमध्ये दोन-दोन सेंटिमीटर फट ठेवायची, गळा तिथेच आवळतो. टोकांचे अर्धे तुकडे आकार धरेपर्यंतच हवेत, नंतर काढून घ्या. क्रेप कागद उत्तम, जाड गिफ्ट पेपर वाईट.

मुकुट सगळ्याच संचांतले पातळ आणि लहान. मोठ्या डोक्यासाठी मागचा जोड उघडून टिश्यूची पट्टी चिकटवावी लागते.

छापील विनोद मात्र फेकू नका. ते मुद्दामच वाईट असतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांचं म्हणणं असं, की विनोद चांगला असेल आणि कुणी हसलं नाही तर वाचणारा ओशाळतो, विनोदच टाकाऊ असेल तर सगळं टेबल मिळून कण्हतं आणि दोष विनोदावर जातो. म्हणून स्वतः चिठ्ठ्या लिहिणार असाल तर हुशारी दाखवू नका.

भेटवस्तू चार सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, जड तर मुळीच नको, कारण ती सुटून समोरच्या ग्लासवर आदळते. चॉकलेट घातलं तर क्रॅकर खोली गरम करणाऱ्या रेडिएटरपासून लांब ठेवा. मेणबत्तीपासून तर सगळेच क्रॅकर लांब हवेत.

कापडी, पुन्हा वापरायचे क्रॅकरही मिळतात: दर वर्षी फक्त नवा स्नॅप सरकवायचा. कचरा वाचतो हे खरं. पण ते फाटत नाहीत, त्यामुळे मोठा तुकडा कुणाचा हा सगळा तंटाच संपतो, आणि मला तरी त्या तंट्याशिवाय क्रॅकर बेचव वाटतो. त्यापेक्षा चकाकी नसलेला कागदी संच घ्या. कागद मुठीत चुरगाळून पाहा: चुरगळलेलाच राहिला तर तो सहसा कागदाच्या रद्दीत जातो, पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक आहे. ग्लिटर लावलेला कागद दोन्हीकडून बाद. स्नॅपच्या पट्ट्या मात्र फुटल्यानंतरच टाका.

ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना क्रॅकर विकता येत नाहीत, तेव्हा मुलांना एकटं दुकानात पाठवू नका. विमानाने नेणार असाल तर आधी विमान कंपनीला विचारा. काही कंपन्या कारखान्याचं सील असलेला बॉक्स चेक-इन सामानात चालवून घेतात, अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानात तोही चालत नाही. घरी जुळवलेले क्रॅकर आणि सुटे स्नॅप बॅगेत घालूच नका.