नमुना खरा, डझन खोटं

सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कडक बॉलवर, पंधरा वर्षं क्रिकेट खेळतोय, बॉल घेण्यात मला कोण गंडवणार, हा माझा माज. तोच नडला.

स्पर्धेसाठी संघाला एक डझन बॉल हवे होते आणि वर्गणीचे पैसे माझ्याकडे होते. विक्रेत्याने आधी एक नमुना पाठवला: फोर-पीस, म्हणजे चामड्याच्या चार तुकड्यांचा, हाताने शिवलेला. आम्ही तो दोन दिवस नेटमध्ये बडवला. शिवण बसली नाही, आकार टिकला, मांडीवर घासला की चमक यायची. खूश होऊन सगळे पैसे आगाऊ भरले. डझन आलं, सोनेरी शिक्का हुबेहूब तोच. मी एक-दोन बॉल हातात खेळवले आणि खोका किटबॅगेत टाकला.

सामन्यात तिसऱ्याच षटकाला आमच्या बोलरचा तळवा लालभडक आणि पँटही तशीच. दहाव्या षटकापर्यंत बॉल एका अंगाने चपटा. पंचांनी मापाच्या कड्यातून घालून पाहिला, तर एका बाजूने जाईना. दुसरा काढला, त्याची शिवण उसवली. तिसरा हातात बसल्यावर कीपर म्हणाला, "बॉल आहे की धोंडा?"

घरी येऊन वजनकाट्यावर एकेक ठेवला. पुरुषांच्या सामन्यासाठी नियमाने १५५.९ ते १६३ ग्रॅम वजन आणि २२.४ ते २२.९ सेंटिमीटर घेर लागतो. माझ्या डझनात सगळ्यात हलका १४८ ग्रॅमचा, सगळ्यात जड १७२ चा. एकाच खोक्यातले!

मग करवतीचं पातं घेतलं आणि नमुन्याचा बॉल व यातला एक, दोन्ही मधोमध कापले. नमुन्यात मधे बुचाचा गाभा आणि त्यावर ताणून गुंडाळलेल्या लोकरी धाग्याचे थर, कांद्यासारखे. दुसऱ्यात बुचाचा भुगा दाबून केलेला एक गोळा, वर नावाला दोन-चार वेढे दोरा. रंगाचा पापुद्रा नखाने निघत होता.

खरी लबाडी मात्र चामड्यावर होती. फोर-पीसमध्ये प्रत्येक अर्ध चामड्याच्या दोन तुकड्यांचं असतं. ते आतून जोडतात, म्हणून बाहेर फक्त एक बारीक रेषा दिसते. दोन अर्धं एकमेकांशी काटकोनात फिरवून शिवतात, त्यामुळे दोन्हीकडच्या रेषा एका ओळीत येत नाहीत. माझ्या बॉलवर त्या अगदी समोरासमोर होत्या. जोड नव्हताच; टू-पीसवर, म्हणजे दोनच तुकड्यांच्या बॉलवर, साच्याने रेघ दाबली होती. टू-पीस वाईट असतो असं नाही, सरावाला मी मुद्दाम तोच घेतो. पण तो फोर-पीस म्हणून गळ्यात मारायचा?

विक्रेत्याला फोन केला. "वापरलेला माल परत होत नाही, साहेब." पण आठ तर कोरेच आहेत, म्हटलं. त्यावर, "बिलात काय लिहिलंय बघा." बघितलं. लाल लेदर बॉल, १ डझन. फोर-पीस हा शब्दच नाही. फोनवर दहा वेळा बोललो होतो, लिहून एकदाही घेतलं नव्हतं.

आता बिलात फोर-पीस आणि वजन लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडत नाही, तेही अर्धेच. बाकीचे पैसे माल तपासून झाल्यावर. तपासायचे म्हणजे डझनातले बाराच्या बारा. काटा, घेराला दोरा, ओल्या पांढऱ्या रुमालाने एकदा जोरात पुसणं, आणि शिवण आडवी धरून रेषा कुठे येतात ते बघणं. सपाट फरशीवर घरंगळताना बॉल झुलला तर तो लगेच बाजूला. अर्धा तास जातो. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

ते आठ बॉल अजून पडून आहेत. झेलांच्या सरावालाही देता येत नाहीत, १७२ ग्रॅमचा बसला तर एखाद्याचं बोट जायचं.