परमा ब्लू : जुन्या दुनळीच्या उडालेल्या निळाईसाठी

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घरी आजोबांची वेब्ली अँड स्कॉटची बारा बोअर दुनळी आहे, परवाना आता माझ्या नावावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. आता तिचा मान खंडेनवमीच्या पूजेचा. पण हात लागून लागून नळ्यांवरची निळाई उडाली होती, खालचं पांढरं पोलाद दिसत होतं, आणि ती तशी पाटावर मांडणं मला बघवेना. म्हणून बर्चवुड केसी कंपनीचं परमा ब्लू, म्हणजे पोलादावर घरच्या घरी निळाई चढवायचं द्रावण, वापरलं.

हेच का, तर दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी मऊ डाखाने जोडलेली असते. कारखान्यातलं गरम ब्लूइंग, म्हणजे निळाई चढवणं, कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांच्या द्रावणात होतं. ते द्रावण डाख खातं आणि नळ्या सुटतात. कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणालं तरी आजोबांची दुनळी त्या हौदात घालू देऊ नका. परमा ब्लू थंडच लावायचं असतं, डाखाला धक्का नाही.

खरी मेहनत आधीची. तेलाचा अंश राहिला की रंग डागाळतो, म्हणून अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि मग उघड्या बोटाने शिवायचंसुद्धा नाही. गंज काढताना नंबर आणि प्रूफचे (नळी चाचणीत उतरल्याचे) शिक्के यांच्यापासून लांब राहा. नंबर पुसणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. ड्रायरने नळी कोमट करून घेतली तर रंग जास्त गडद चढतो. कापसाच्या बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं, पाण्याने धुऊन कोरडं करायचं, चार शून्यांच्या स्टील वूलने अलगद फिरवायचं आणि परत लावायचं. सुरुवातीला कबरं दिसतं, मग हळूहळू काळसर निळं जमून येतं. तो रंग चढताना बघून फार समाधान वाटलं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा: यातलं सेलेनियमचं आम्ल विषारी असतं.

रंग जुन्या निळाईशी हुबेहूब जुळत नाही, उन्हात तिरकी धरली की फरक कळतो. चापाजवळच्या कडक केलेल्या भागावर तर नीट बसतच नाही. शिवाय हा पोलादाच्या स्वतःच्या ऑक्साइडचा थर नव्हे, वरून बसलेला पातळ लेप आहे. गंजापासून तो फारसा वाचवत नाही आणि घासला की जातो. तेलाचा हात पावसाळ्यात तर हवाच. चामड्याच्या खोळीत बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरतं.

झिजलेल्या जागा भरायला मी हे बिनधास्त सुचवीन. अख्ख्या नळ्या नव्याने करायच्या असतील तर मात्र रस्ट ब्लूइंग (मुद्दाम हलका गंज चढवून त्याचीच निळाई करणं) येणारा परवानाधारक कारागीर शोधा. त्याला वेळ लागतो, पैसेही जास्त पडतात, पण दुनळीला जुन्या काळी तीच पद्धत वापरायचे.