झोपाळ्यासाठी ड्रॉबार स्प्रिंग : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी नागपंचमीच्या तोंडावर आमच्या घरच्या झोपाळ्याची एक स्प्रिंग तुटली. आई नुकतीच उठून आत गेली होती, म्हणून केवळ फळी जमिनीवर आपटण्यावर भागले. ती साधी खेचस्प्रिंग, म्हणजे एक्स्टेन्शन स्प्रिंग होती आणि सोलापुरातल्याच एका दुकानातून ‘झोपाळ्याचीच आहे, डोळे झाकून न्या’ या आश्वासनावर घेतली होती. तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला तेव्हा सगळी वेटोळी धडधाकट होती. तार तुटली होती ती शेवटच्या वेटोळ्यातून हूक जेथे वर वळतो नेमक्या त्या बाकावर, आतल्या बाजूने. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ निम्मा भाग काळपट पडलेला आणि उरलेला चकचकीत होता. म्हणजे चीर जुनी होती आणि ती दिवसेंदिवस वाढत शेवटी एका झटक्यात पूर्ण झाली होती.

आमच्याकडे टॉवेलचे यंत्रमाग आहेत, त्यामुळे हे दृश्य मला नवे नव्हते. डॉबी ही मागावरची यंत्रणा ताण्याचे उभे धागे ओवलेल्या चौकटी वर उचलते आणि त्या खाली ओढण्याचे काम खेचस्प्रिंगा करतात. त्याही तुटतात त्या बहुधा हुकापाशीच, कारण वेटोळ्यांतली तार केवळ पिळली जाते, तर हुकाच्या वळणावर तिला वाकण्याचा ताणही सोसावा लागतो. परंतु मागावर स्प्रिंग तुटली तर कापडात खोट येते, माग थांबवून पाच मिनिटांत दुसरी अडकवता येते. झोपाळ्यावर माणूस बसलेला असतो. हा फरक इतकी वर्षे स्प्रिंगा हाताळूनही माझ्या लक्षात आला नव्हता, हे कबूल करायला हवे.

म्हणून या वेळी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यातून दोन ड्रॉबार स्प्रिंगा मुद्दाम बनवून घेतल्या. या प्रकारात मूळ स्प्रिंग खेचण्याची नसून दाबण्याची असते. इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले दोन गज तिच्या पोकळीतून समोरासमोरच्या टोकांनी घातलेले असतात आणि प्रत्येक गजाचे पाय पलीकडच्या टोकाच्या वेटोळ्यावर अडकवलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या कड्या एकमेकींपासून ओढल्या की मधली स्प्रिंग आवळली जाते. भार प्रमाणाबाहेर गेला तर वेटोळी एकमेकांना टेकतात आणि ओढ तेथेच थांबते. स्प्रिंगची तार मध्येच तुटली तरी तिचे तुकडे गजांच्या आकड्यांमध्ये अडकून राहतात आणि झोपाळा थोडा खाली बसतो, सुटून पडत नाही. मला हवे होते ते एवढेच.

आता वस्तूविषयी. तार ८ मि.मी. जाडीची, बाहेरचा व्यास ५० मि.मी., काम करणारी वेटोळी बारा आणि दोन्ही टोके घासून सपाट केलेली आहेत. तार आयएस ४४५४ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागातली, म्हणजे थंड अवस्थेत ओढलेली स्प्रिंगची पोलादी तार असावी अशी अट मी घातली होती आणि कारागिराने बंडलावरची चिठ्ठी न मागता दाखवली. पैसे वाचवण्यासाठी ७ मि.मी. तार चालेल का, असे मी विचारून पाहिले. त्याने नकार दिला आणि तो योग्य होता. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे एका मिलिमीटरच्या काटकसरीने तो सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला असता.

घरी आणल्यावर प्रत्येक स्प्रिंगला सिमेंटची दोन पोती, म्हणजे १०० किलो भार टांगून मोजपट्टी लावली. एक २२ मि.मी. आवळली, दुसरी २४. हाताने बनवलेल्या स्प्रिंगांत दहा टक्क्यांचा फरक चालवून घेतला जातो हे खरे, तरी जोडीने मागितलेल्या वस्तू जुळवून द्यायला हव्या होत्या. फळी एका बाजूला किंचित कलते आणि कोणाच्या लक्षात आले नाही तरी मला ते रोज दिसते. शेवटी एका बाजूच्या साखळीला पातळ वॉशर घालून मी ते निभावले.

बसण्याचा अनुभव मात्र पहिल्यापेक्षा निश्चित चांगला आहे. साध्या खेचस्प्रिंगची वेटोळी मुळातच एकमेकांवर घट्ट आवळून वळलेली असतात, त्यामुळे तो आरंभीचा ताण ओलांडेपर्यंत ती जागची हलत नाही. आमची सहा वर्षांची नात बसली तर जुन्या स्प्रिंगला काही कळतही नसे. ड्रॉबार पहिल्या किलोपासून हलते. संक्रांतीत गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांनी चौघे-चौघे बसून तिची खरी परीक्षा घेतली. माणूस एकदम बसतो तेव्हा क्षणभर स्प्रिंगवर स्थिर भाराच्या जवळजवळ दुप्पट ओढ येते, तरीही वेटोळी टेकल्याचा ठोका एकदाच ऐकू आला आणि तोही तिघे मेहुणे एकाच वेळी बसले तेव्हा.

तक्रारी आहेत. गज वेटोळ्यांना आतून घासतात आणि दोन महिन्यांनंतर कुरकूर सुरू झाली. ग्रीस लावले तर ती थांबते, पण सोलापूरच्या धुळीत त्या ग्रीसची आठवड्याभरात काळी पेस्ट होते आणि तिचे थेंब नेमके पांढऱ्या कपड्यांवर पडतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की येथे वेटोळ्यांमध्ये मोकळी फट असते, त्यात लहान मुलाचे बोट सहज सापडू शकते. कारखान्याने याविषयी एक शब्दही सांगितला नाही. मी जाड कॅनव्हासची पिशवी शिवून दोन्ही स्प्रिंगांवर चढवली आणि कुरकुरीचा आवाजही त्यात थोडा दबला. शिवाय या स्प्रिंगा जड आणि लांब असल्याने साखळीच्या चार-पाच कड्या काढाव्या लागल्या आणि किंमत साध्या जोडीच्या जवळजवळ दुप्पट पडली.

जस्ताचा मुलामा देऊ का, असे विचारल्यावर मी नको म्हटले. मुलामा देताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि लगेच भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही तर तार ठिसूळ होते. ही काळजी प्रत्येक ठिकाणी घेतली जाईल याची मला खात्री नव्हती. साधा काळा रंग लावून घेतला, तो आता गजांच्या कडांवर उडू लागला आहे.

त्याच फेरीत नमुना देऊन डॉबीसाठी चोवीस खेचस्प्रिंगाही घेतल्या. हुकांचे वळण या वेळी मोठ्या गोलाईचे सांगितले होते आणि ते तसेच आले, मात्र दोन नगांचे हूक एकमेकांशी तिरके होते. ते दोन परत केले. उरलेल्या बावीसांपैकी अद्याप एकही तुटलेली नाही. झोपाळ्यावरच्या दोन स्प्रिंगांना, गज स्वतः तुटला तर म्हणून, शेजारून एक सैल साखळी जोडून ठेवली आहे. ती अजून ताणली गेलेली नाही.