शनिवार-रविवारी स्कूबा: मालवण की नेत्राणी?

पोहता येत नाही, पण मासे बघायचेत? मग मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर बोट दहा-पंधरा मिनिटांत पोचते. पाणी उथळ, प्रशिक्षक सिलिंडरला धरून तुम्हाला फिरवतो, आणि हातातल्या पावावर काळे-पिवळे पट्टेवाले मासे तुटून पडतात. (पाव नको म्हणा. ते माशांचं खाणं नव्हे.) फोटो झकास येतात, पण खाली असता जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि पाणी गढूळ असलं की हाताच्या पलीकडचं दिसत नाही. कुडाळला उतरलं की तासाभरात मालवण. संध्याकाळी सुरमईची थाळी आणि सोलकढी आहेच.

नेत्राणी म्हणजे कर्नाटकातल्या मुरुडेश्वरपासून सुमारे 19 किलोमीटर आत समुद्रातलं बेट. बोटीतच तासाच्या वर जातो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. पण पाणी! चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, खडकांत प्रवाळ आणि माशांचे थवे. मुरुडेश्वर कोकण रेल्वेवरच आहे, पण मुंबईहून जायचं तर शुक्रवारची रजा टाकावीच लागते.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, मुलं-आईबाबा बरोबर असतील तर, मालवणच. एकदा पाण्याच्या दाबाने दडे बसलेले कान मोकळे करायची सवय झाली की मी तरी नेत्राणीच निवडेन. दोन्हीकडे पावसाळ्यात डायव्हिंग बंद. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला, आणि परतीचं विमान डायव्हिंगच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं घ्या.